माणूस सापडेना तर जमीन धरा: व्हर्जिनियातलं वसाहतकाळातलं घराणं शोधताना

माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. बांधावर उभं राहून भावाभावांची भांडणं ऐकायची, जुनी टिपणं उकरायची आणि ‘आजोबांच्या वेळेला दगड तिथं होता’ हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडायचं. निवृत्तीनंतर लेकीकडे व्हर्जिनियात आलो, तेव्हा कागद आणि साखळी दोन्ही सुटले असं वाटलं होतं. पण एका रविवारी विहीणबाईंनी घरातलं जुनं बायबल टेबलावर ठेवलं. आत दोन कोऱ्या पानांवर जन्ममृत्यूच्या नोंदी होत्या. पहिली नोंद १८०४ ची. ‘याच्या आधीचं कुणालाच माहीत नाही. तंबाखूची शेती होती म्हणतात. तुम्ही जमिनीचे कागद वाचता ना?’ त्यांनी विचारलं, लेकीने मराठीत सांगितलं, आणि मी अडकलो.

त्यातून १६९० पर्यंत पोचायला माझे तीन उन्हाळे गेले. त्यातला एक अख्खा उन्हाळा चुका निस्तरण्यात गेला. तुमच्याही घरात अशी सून किंवा जावई आला असेल, किंवा नुसता नाद म्हणून हे करायचं असेल, तर माझा वाया गेलेला उन्हाळा तुमच्या उपयोगी पडावा.

विहीणबाईंचं घराणं खासगी आहे, त्यामुळे ती नावं इथे येणार नाहीत. उदाहरणाला वॉशिंग्टन घराणं घेतो. जॉर्ज वॉशिंग्टनमुळे त्यांचा प्रत्येक कागद अभ्यासकांनी चाळून ठेवलाय, आणि त्यांच्या माउंट व्हर्ननच्या जमिनीचा इतिहास एखाद्या फेरफार वहीसारखा वाचता येतो.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाका. ‘प्लँटर’ म्हटलं की पांढऱ्या खांबांचा वाडा डोळ्यापुढे येतो. व्हर्जिनियाच्या जुन्या कागदांत प्लँटर म्हणजे तंबाखू लावणारा शेतकरी, मग त्याची जमीन शंभर एकर असो की दहा हजार. आमच्या विहीणबाईंचे पूर्वज दीडशे एकरवाले निघाले. त्या जरा हिरमुसल्या.

काय काय लागेल

- राज्याच्या ग्रंथालयाचं, म्हणजे लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाचं संकेतस्थळ. वसाहतकाळातल्या जमीनदानांची मूळ पानं तिथे फुकट बघता येतात.
- फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं. तेही फुकट. काउंट्यांच्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) डीडच्या, म्हणजे खरेदीखतांच्या, आणि मृत्युपत्रांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म तिथे आहेत. २०२४ पासून हस्ताक्षरातल्या मजकुरातही शोध घेता येतो. पण जुन्या लांब ‘एस’ला यंत्र ‘एफ’ वाचतं, तेव्हा आडनाव चार प्रकारे टाकून बघा.
- कोणती काउंटी कधी, कशातून फुटली याचा तक्ता. छापून भिंतीवर लावा.
- कोनमापक, फूटपट्टी, ट्रेसिंग पेपर.
- जाड वही. प्रत्येक नोंदीपुढे काउंटी, वहीचं नाव आणि पान क्रमांक. हे नसेल तर ती नोंद नाही, ऐकीव गोष्ट आहे.

१. बायबलातून निघा आणि एकेक पिढी मागे जा

थेट १६५० मध्ये उडी मारायचा मोह होतो, कारण त्या आडनावाचा कुणीतरी तिथे सापडतोच. तो तुमचाच कशावरून? १८५० च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव मिळतं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. व्हर्जिनियाच्या १७९० आणि १८०० च्या याद्या तर हरवल्याच आहेत. ती पोकळी करयाद्या भरून काढतात. १७८२ पासून जमीन आणि जंगम मालमत्ता यांच्या याद्या जवळजवळ दरवर्षीच्या आहेत.

या याद्या ओळीने वाचा, वर्ष सोडू नका. एखाद्या वर्षी नावापुढे ‘एस्टेट’ असं लागलं की माणूस गेला. पुढच्या वर्षी तेवढीच एकर जमीन दोन नव्या नावांवर दिसली की खातेफोड झाली. ती दोन नावं बहुधा मुलगा-मुलगा किंवा मुलगा-जावई असतात. आता कुठल्या वर्षांतलं मृत्युपत्र शोधायचं ते तुम्हाला कळलं.

२. काउंटी कोणती, हे नकाशावरून ठरवू नका

माझा निम्मा वाया गेलेला वेळ इथला. जमीन जागची हलत नाही, पण तिच्यावरची काउंटी बदलत राहते.

पोटोमॅक नदीकाठची माउंट व्हर्ननची जमीन घ्या. हा भाग आधी नॉर्थम्बरलँड काउंटीत होता. १६५३ ला वेस्टमोरलँड वेगळी झाली, १६६४ ला तिच्यातून स्टॅफर्ड, १७३१ ला प्रिन्स विल्यम आणि १७४२ ला फेअरफॅक्स. नव्वद वर्षांत पाच काउंट्या. काउंटी फुटली तरी जुन्या वह्या जुन्या कोर्टहाऊसमध्येच राहिल्या. म्हणजे १७२६ चं खरेदीखत हवं असेल, तर आज फेअरफॅक्समध्ये ते मागून उपयोग नाही. तेव्हा ती जमीन स्टॅफर्डमध्ये होती. तालुका विभाजनानंतर जुने फेरफार कुठल्या कार्यालयात आहेत यासाठी आपण जसे खेटे घालतो, तसंच हे.

दुसरा नियमही लिहून ठेवा: मृत्युपत्र माणूस राहत होता तिथे, खरेदीखत जमीन होती तिथे. जॉर्जचे वडील ऑगस्टीन वॉशिंग्टन १७४३ मध्ये वारले. त्यांचं मृत्युपत्र किंग जॉर्ज काउंटीच्या कोर्टात दाखल झालं, कारण शेवटी ते तिथल्या फेरी फार्मवर राहत होते. त्यातली एक जमीन फेअरफॅक्समध्ये होती आणि एक वेस्टमोरलँडमध्ये. गंमत म्हणजे पुढे सीमा बदलली आणि ते फेरी फार्म आज स्टॅफर्डमध्ये आहे.

कोर्टहाऊसमध्ये जायचं झालं तर या वह्या सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे असतात. क्लार्क म्हणजे आपला कारकून नव्हे. तो आठ वर्षांसाठी निवडून आलेला अधिकारी असतो. नीट बोला.

३. मृत्युपत्र वाचा, पण आजच्या इंग्रजीने वाचू नका

तुमच्या हातात येईल ती बहुधा मूळ प्रत नसेल. कोर्टात मृत्युपत्र शाबित झालं की क्लार्क ते वहीत उतरवून घ्यायचा. त्यामुळे वहीतल्या सह्या एकाच हस्ताक्षरात असतात. मूळ कागद अनेकदा गेलेले असतात, काही चोरीलाही गेले. जॉर्जची बायको मार्था वॉशिंग्टन हिचं मृत्युपत्र अमेरिकेच्या यादवी युद्धात फेअरफॅक्सच्या कोर्टहाऊसमधून उचललं गेलं आणि फिरत फिरत जे. पी. मॉर्गन या धनाढ्य बँकरच्या संग्रहात पोचलं. व्हर्जिनियाने दावा लावला, तेव्हा कुठे १९१५ मध्ये ते परत आलं.

मृत्युपत्रावर दोन तारखा असतात: लिहिल्याची आणि शाबित झाल्याची. माणूस या दोहोंच्या मध्ये केव्हातरी वारला. कधी हे अंतर तीन आठवड्यांचं असतं, कधी नऊ वर्षांचं.

आता शब्द. माझी फजिती इथे झाली. एका मृत्युपत्रात ‘माझा सन-इन-लॉ अमुक याला काळी घोडी’ असं होतं. मी त्याला जावई धरला, जावई म्हणजे मुलगी आलीच, म्हणून वंशवृक्षात एक मुलगी घातली. तिच्या लग्नाची नोंद शोधण्यात सहा आठवडे गेले. ती मुलगी जन्मालाच आली नव्हती. त्या काळी सन-इन-लॉ म्हणजे बऱ्याचदा सावत्र मुलगा, बायकोचा पहिल्या नवऱ्यापासूनचा. बाकीचे असे:

- कझिन: पुष्कळदा पुतण्या, भाचा, पुतणी किंवा भाची.
- मदर-इन-लॉ: सासू किंवा सावत्र आई.
- ब्रदर: भाऊ, मेव्हणा, साडू, कधी चर्चमधला बंधूही.
- जुनियर आणि सीनियर: बाप-लेकच असतील असं नाही. एका गावात एकाच नावाचे दोघं असले की थोरला सीनियर. थोरला मेला की कालचा जुनियर आज सीनियर होतो.
- ऑर्फन: बाप नसलेलं मूल. आई जिवंत असली तरी.
- इन्फंट: एकवीस वर्षांखालचा कुणीही. मिशा फुटलेला ‘इन्फंट’ बघून दचकू नका.
- ‘माझी आताची बायको’: यावरून पहिली बायको होती असं सिद्ध होत नाही. लेखनिकाची ती ठरीव भाषा आहे.
- एक शिलिंग: मुलाला एकच शिलिंग ठेवला म्हणजे बापलेकात वाकडं होतंच असं नाही. त्याचा वाटा आधीच देऊन झालेला असायचा.

नावांची आखूड रूपंही लक्षात ठेवा. ‘जे-एन-ओ’ म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे. आणि दोन छोटे ‘एफ’ म्हणजे मोठा ‘एफ’. फेअरफॅक्स हे आडनाव असंच लिहिलेलं सापडेल.

साक्षीदार आणि जामीनदार यांची नावं उतरवून घ्यायला कधीही चुकू नका. पहिल्या वर्षी मी ती गाळली आणि दुसऱ्या वर्षी त्याच वह्या पुन्हा उघडल्या. विधवेने कारभार हाती घेताना जामीन कोण राहतं? तिचा भाऊ, बाप, दीर. बायकांचं माहेरचं आडनाव कागदात सापडायची हीच चोरवाट आहे.

४. मृत्युपत्रात जे नाही तेच महत्त्वाचं

समजा, पाच मुलांना भांडीकुंडी, गाई, तंबाखू वाटली आहे आणि थोरल्याचं नावच नाही. लोक म्हणतात, ‘थोरला आधी वारला असणार.’ नाही. बाप मृत्युपत्राविना गेला किंवा एखादी जमीन मृत्युपत्रात यायची राहिली, तर ती कायद्याने थोरल्या मुलाकडे जायची. तो नियम व्हर्जिनियाने १७८५ मध्ये रद्द केला. आपल्यासारखा सगळ्या भावांचा समान हिस्सा तिथे नव्हता. बापाने न सांगताच जे मिळणार, ते लिहिण्याची गरज नव्हती.

विधवेचा हक्क वेगळा. नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशावर तिला हयातभर वहिवाट मिळायची. त्याला डॉवर म्हणतात. ती वारली की तो भाग नवऱ्याच्या वारसांकडे परत. म्हणून जमीन विकताना बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन तिची संमती विचारली जायची आणि तशी नोंद व्हायची. खरेदीखताच्या शेवटी येणारा हा कंटाळवाणा परिच्छेद पुष्कळदा तिच्या नावाचा एकमेव पुरावा असतो.

आणि विधवा विधवा राहायची नाही. वर्ष-सहा महिन्यांत दुसरं लग्न, की कागदात ती नव्या आडनावाने येते आणि तुमच्या हातून निसटते. जॉर्जच्या आजोबांची, लॉरेन्स वॉशिंग्टनची विधवा मिल्ड्रेड दुसऱ्या लग्नानंतर मुलांना घेऊन थेट इंग्लंडमधल्या व्हाइटहेवनला गेली आणि तिथेच वारली. मुलांचा ताबा मिळवून त्यांना व्हर्जिनियात परत आणावं लागलं. विहीणबाईंच्या घराण्यात एकीचे तीन नवरे निघाले. तिन्ही नावांनी शोधल्यावरच तिची जमीन जुळली.

मृत्युपत्र सापडलंच नाही तर कोर्टाच्या ऑर्डर बुकात बघा. कारभारी नेमला, मोजदाद करायला तीन-चार शेजारी नेमले, पोरांना पालक नेमला, या ओळी तिथे असतात. अशी वही वाचणं कंटाळवाणं आहे, त्यामुळेच तिथे अजून न सापडलेलं बरंच आहे.

५. जमीन कुठून आली आणि कुठे गेली

जमिनीचा पहिला कागद म्हणजे सरकारकडून मिळालेला. बहुतेक व्हर्जिनियात तो राजाच्या नावाने निघायचा, त्याला पेटंट म्हणतात. पण पोटोमॅक आणि रॅपहॅनॉक या नद्यांमधला नॉर्दर्न नेक हा पट्टा राजाने आपल्या मर्जीतल्या सरदारांना दिला होता. तो पुढे फेअरफॅक्स घराण्याकडे आला. तिथला कागद त्यांच्या कचेरीतून निघायचा, तो ग्रँट. इनाम गाव आणि खालसा गाव यांत जो फरक, तसलाच. दोन्हींच्या वह्या वेगळ्या आहेत. एकात नाही मिळालं म्हणून जमीनच नव्हती असं म्हणू नका. १७०४ च्या शेतसाऱ्याच्या प्रसिद्ध यादीतही नॉर्दर्न नेक नाही.

पेटंटमध्ये हेडराइट नावाचा प्रकार भेटेल. १६१८ पासूनचा नियम असा की जो माणूस स्वतःच्या खर्चाने एकेकाला वसाहतीत आणेल त्याला माणशी ५० एकर. म्हणून पेटंटखाली ‘आणलेल्या’ माणसांची यादी असते. तुमच्या पूर्वजाचं नाव तिथे दिसलं की उड्या मारू नका. हे हक्क विकले जायचे, वर्षानुवर्षं पडून राहायचे, एकच नाव दोनदोनदा वापरलं जायचं. पेटंटचं साल हे तो माणूस जहाजातून उतरल्याचं साल नव्हे.

पुढची साखळी डीडच्या वहीत. विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची सूची वेगवेगळी असते, दोन्ही बघा. पूर्वजाने जमीन विकल्याचा कागद आहे, पण ती घेतल्याचा मिळत नसेल तर एक शब्द मनात अधोरेखित करा: वारसा. मग कुणाकडून, हे शोधायचं.

माउंट व्हर्ननची साखळी बघा. १६७४ मध्ये जॉर्जचे पणजोबा जॉन वॉशिंग्टन आणि निकोलस स्पेन्सर यांना लिटल हंटिंग क्रीकवर ५,००० एकर मिळाले. १६९० मध्ये वाटप झालं, निम्मी जमीन जॉनचा मुलगा लॉरेन्स याच्याकडे आली. १६९८ मध्ये लॉरेन्स गेला आणि हा तुकडा त्याने ठेवला मुलीला, म्हणजे धाकट्या मिल्ड्रेडला. तिने आणि तिचा नवरा रॉजर ग्रेगरी याने १७२६ मध्ये तो भावाला, ऑगस्टीनला, १८० पौंडांना विकला. ऑगस्टीनकडून तो त्याचा थोरला मुलगा लॉरेन्स याला. हा लॉरेन्स १७५२ मध्ये वारला, मागे लहान मुलगी सारा आणि विधवा अ‍ॅन. अ‍ॅनने लगेच जॉर्ज ली याच्याशी लग्न केलं. १७५४ मध्ये सारा वारली, आणि त्या वर्षअखेरीस सावत्र दीर जॉर्जने ती जमीन अ‍ॅनकडून खंडाने घेतली. १७६१ मध्ये अ‍ॅन वारल्यावर ती त्याची झाली.

नुसतं ‘वॉशिंग्टन’ आडनाव शोधत गेलात तर ग्रेगरी आणि ली या दोन ठिकाणी साखळी तुटते. बायकांच्या हातून जमीन गेली की आडनाव बदलतं. म्हणून माणूस सापडेना झाला की जमीन धरायची. हे मला चाळीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या निमतानदाराने शिकवलं होतं. इथे तसंच्या तसं चाललं.

एक सापळा खास सांगतो. वहीत लागोपाठ दोन कागद दिसतात. पहिला आजच्या तारखेचा भाडेपट्टा, एक वर्षाचा, मोबदला पाच शिलिंग, भाडं एक मिरीचा दाणा. दुसरा उद्याच्या तारखेचा, रक्कम मोठी. पहिला वाचून ‘म्हणजे कूळ होता’ असं ठरवू नका. हे दोन्ही मिळून एकच खरेदीखत आहे. कायद्यातली एक औपचारिकता टाळण्याची ती इंग्रज वकिलांची युक्ती. आधी ताबा, मग मालकी. खरं मोल आणि बायकोचं नाव दुसऱ्या कागदात.

६. चतुःसीमा वाचा, कागदावर मोजणी काढा

हा भाग बहुतेक लोक सोडून देतात. मला यातच सगळ्यात मजा आली.

कागदात असं येतं: ‘खूण केलेल्या पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून उत्तर ३५ अंश पूर्व १२० पोल अमक्याच्या कोपऱ्यावरच्या हिकरीच्या झाडापर्यंत, तिथून ओढ्याच्या वळणावळणाने...’ पोल म्हणजे साडेसोळा फूट. हा आकडा वाचला आणि मी हसलो. आपली मोजणीची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. म्हणजे बरोबर दोन पोल. आपला गुंठा ३३ गुणिले ३३, म्हणजे चार चौरस पोल. त्यांचे १६० चौरस पोल म्हणजे एक एकर, आपले ४० गुंठे म्हणजे एक एकर. मापं दोन्हीकडे इंग्रजांनीच नेलेली, तेव्हा हिशेब जुळणारच. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या व्हर्जिनियातला तंबाखूचा तुकडा गुंठ्यांत वाचता येतो, हे कळल्यावर परकेपणा गेला.

काढायचं असं. एक सेंटिमीटरला २० पोल धरा, म्हणजे १२० पोलची रेघ ६ सेंटिमीटर. ‘उत्तर ३५ पूर्व’ म्हणजे उत्तरेकडे तोंड करून पूर्वेकडे ३५ अंश वळा. एकेक रेघ जोडत जा. आकृती शेवटी मिटायला हवी. ती थोडी उघडी राहिली तर हरकत नाही. त्यांच्या साखळ्या जंगलातून ओढलेल्या होत्या. भलतीच उघडी राहिली तर बहुधा क्लार्कने उतरवताना एक ओळ गाळली आहे किंवा ‘पूर्व’चं ‘पश्चिम’ केलं आहे. जवळच्या जमिनीचा कागद काढा, तीच रेघ उलट्या दिशेने तिथे सापडेल.

मग सरकारी भूरूप नकाशा घ्या, १:२४,००० प्रमाणाचा. त्यावर १२० पोल म्हणजे जवळजवळ बरोबर एक इंच. आकृती त्या मापाने ट्रेसिंग पेपरवर काढा आणि नकाशावर फिरवा. फिरवावी लागतेच, कारण त्यांचे कोन होकायंत्राचे आहेत आणि चुंबकीय उत्तर तेव्हापासून सरकली आहे. ओक कधीच पडला, ओढा आहे. ओढ्याची वळणं जुळली की कागद आपोआप बसतो.

शेजाऱ्यांच्याही जमिनी अशाच काढा. लग्नं बांधाला बांध लागूनच व्हायची. विहीणबाईंच्या खापरपणजीच्या आजीचं माहेर मला कुठल्याही लग्ननोंदीत सापडलं नाही. चार आकृत्या शेजारीशेजारी ठेवल्यावर ओढ्यापलीकडच्या शेतात सापडलं. सासऱ्याने जावयाला ‘प्रेम आणि माया यापोटी’ ६० एकरांचं बक्षीसपत्र करून दिलं होतं.

७. तारखा

थोडक्यात. १७५२ च्या आधी इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि बहुतेक मार्च मागच्या वर्षात मोडायचा. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म घरच्या बायबलात ११ फेब्रुवारी १७३१/३२ असा आहे. आज आपण तो २२ फेब्रुवारी १७३२ म्हणतो. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला, म्हणून ते अकरा दिवस. मृत्युपत्र डिसेंबर १७१० चं आणि शाबित फेब्रुवारी १७१० मध्ये, असं दिसलं तर क्लार्कला नावं ठेवू नका. वहीत दोन्ही वर्षं तशीच उतरवा, स्वतः दुरुस्ती करू नका.

८. कोर्टहाऊस जळलेलं असेल तर

व्हर्जिनियात हे बरंच भेटतं. यादवी युद्धात काही काउंट्यांनी सुरक्षित म्हणून वह्या राजधानी रिचमंडला पाठवल्या आणि एप्रिल १८६५ च्या आगीत त्या तिथेच जळाल्या. स्टॅफर्डच्या वह्यांचीही युद्धात वाताहत झाली. उलट पूर्व किनाऱ्यावर नॉर्थॅम्प्टन काउंटीकडे १६३२ पासूनच्या सलग नोंदी आहेत. नशिबाचा भाग.

पण सगळं गेलं असं समजू नका. पेटंट आणि ग्रँटच्या वह्या वसाहत सरकारच्या होत्या, त्या वाचल्या. करयाद्यांची प्रत राज्याकडे जायची. शेजारच्या काउंटीत जमीन असेल तर तिथे मृत्युपत्राची नक्कल दाखल असू शकते. चर्चच्या पॅरिशची व्हेस्ट्री बुकं, म्हणजे तिथल्या पंचांच्या वह्या, असतील तर त्यात दर चार वर्षांनी बांधावरून फिरून खुणा ताज्या केल्याच्या नोंदी मिळतात, शेजाऱ्यांच्या नावांसकट. आणि वाटणीचे दावे: लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाकडे चॅन्सरी, म्हणजे असे दावे चालवणाऱ्या कोर्टाच्या, खटल्यांची मोठी सूची आहे. भाऊ भांडले म्हणून कागद उरले. भांडणाची किंमत मला इथे पहिल्यांदा कळली.

९. इन्व्हेंटरीतली माणसं

मृत्यूनंतर शेजारी घरातल्या वस्तूंची मोजदाद करायचे. गादी, लोखंडी भांडं, आंधळी घोडी, दोन डुकरं, आणि त्याच रकान्यात, त्याच हस्ताक्षरात, माणसं. नाव आणि पौंड-शिलिंग-पेन्स. पहिल्यांदा ते पान आलं तेव्हा विहीणबाई शेजारी बसल्या होत्या. कुणी काही बोललं नाही. मी चष्मा पुसत बसलो.

ही पानं ओलांडून जाऊ नका. १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या स्थितीला बांधलं गेलं, म्हणजे आई गुलाम तर मूल गुलाम. १७०५ मध्ये वारशाच्या बाबतीत गुलामांना जमिनीसारखी स्थावर मालमत्ता ठरवलं गेलं. म्हणून डॉवरचा नियम त्यांनाही लागला. मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. त्याच्या गुलामांपैकी तिसरा हिस्सा तिला हयातीपुरता मिळाला. १७९९ मध्ये जॉर्जने मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ जणांना मुक्ती लिहून ठेवली, पण कस्टिस इस्टेटच्या १५३ जणांना हात लावायचा हक्क त्याला नव्हता. दोन्हीकडच्या लोकांची एकमेकांत लग्नं झालेली होती. १८०२ मध्ये मार्था गेल्यावर ते १५३ जण तिच्या चार नातवंडांत वाटले गेले.

ज्यांचे पूर्वज त्या रकान्यात आहेत त्यांनाही हेच कागद शोधावे लागतात. जनगणनेत त्यांना नाव नव्हतं. इन्व्हेंटरी, मृत्युपत्र, वाटणीपत्र, क्वचित मुक्तिपत्र, यांतच ते नावाने येतात. रॉबर्ट कार्टर तिसरा या बड्या प्लँटरने १७९१ मध्ये दाखल केलेल्या दस्तात साडेचारशेच्या वर माणसं नावानिशी मुक्त करण्यासाठी लिहिली आहेत. पण असा दस्त हा अपवाद. इतरांची नावं तुमच्या घराण्याच्या वहीत, पान अमुक, एवढ्यावरच टिकून आहेत.

मी काय करतो ते सांगतो. प्रत्येक इन्व्हेंटरीतली अशी सगळी नावं वेगळ्या वहीत उतरवतो: नाव, वय दिलं असेल तर, सोबत कोण, किंमत, मालक, काउंटी, वही, पान. वाटणीत कोण कुणाकडे गेलं तेही. मग ती यादी त्या काउंटीच्या स्थानिक इतिहास मंडळाला देतो. कुणी विचारत आलं तर त्यांना ती मिळावी. विहीणबाईंच्या घराण्याच्या १७६८ च्या मोजदादीत एक बाई आणि तिचं मूल एका ओळीत आहेत, दोघांची मिळून एक रक्कम. तीन वर्षांनी थोरला भाऊ सज्ञान झाला तेव्हाच्या वाटणीत ती बाई त्याच्या पानावर आहे आणि मूल बहिणीच्या पानावर, ओढ्यापलीकडच्या त्याच साठ एकरांत. त्या आकृतीवर विहीणबाईंनी पेन्सिलीने दोन्ही घरांमधलं अंतर मोजून घेतलं. ८४ पोल भरलं. ‘तुमच्या मापात किती?’ त्यांनी विचारलं. ‘बेचाळीस साखळ्या,’ मी म्हटलं.